बेला कूलाच्या दरीत पहिल्यांदा जाताना

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा नकाशा समोर घ्या. व्हँकुव्हरच्या उत्तरेला लुंड नावाच्या छोट्या बंदरापाशी किनाऱ्याचा रस्ता संपतो. तिथून पार वर किटिमॅटपर्यंत लांबच लांब खाड्या, बेटं आणि पाण्यातून सरळ उठलेले बर्फाचे डोंगर. एवढ्या मोठ्या पट्ट्यात आतल्या मुलखातून येणारा हमरस्ता समुद्राला एकाच ठिकाणी भिडतो, तो बेला कूलाला. तेही उघड्या समुद्राला नाही. नॉर्थ बेंटिंक आर्म नावाच्या खाडीच्या अगदी टोकाला हे गाव आहे आणि खुला पॅसिफिक तिथून शंभरएक किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधून नदी, नदीकाठाने एकच रस्ता आणि त्या रस्त्याला धरून वसलेली दोनेक हजार माणसं.

मी दोनदा गेले. एकदा रस्त्याने जाऊन रस्त्यानेच परत आले, दुसऱ्यांदा बोटीने गेले आणि घाट चढून परतले. तेव्हापासून ओळखीपाळखीतली मंडळी 'कसं जायचं, काय न्यायचं' विचारत असतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. दोन हजार वस्तीच्या जागी सगळं मोजकं असतं. दुकानातला माल त्याच घाटाने येतो, दवाखाना छोटा आहे, आणि तुम्ही रानात अडकलात तर शोधायला निघणारी बरीचशी माणसं आपापली कामं सोडून येणारे स्वयंसेवक असतात. आपली तयारी आपण करून जावी आणि गावावर आपला भार पडू देऊ नये.

पहिली पायरी: महिना ठरवा

तिकिटांच्या आधी महिना ठरवा, कारण प्रत्येक महिन्यात दरी वेगळी असते.

मे-जूनमध्ये खाली सगळं हिरवंगार असतं, पण वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात. दरीच्या पूर्वेला असलेल्या पठारावर डासही फार. जुलै-ऑगस्टमध्ये बोट चालू असते, दिवस लांब असतात, मात्र वणव्यांचा हंगामही हाच. २०१७ च्या उन्हाळ्यात चिलकोटिन पठारावर इतके मोठे वणवे लागले की या रस्त्याची वाहतूकही बंद ठेवावी लागली. सप्टेंबरमध्ये नदीत सॅमन मासे चढतात आणि त्यांच्यामागे ग्रिझली अस्वलं उतरतात. अस्वलं पाहायची असतील तर हाच महिना. ऑक्टोबर उजाडला की समुद्रावरून पावसाचे लोट येऊ लागतात. २०१० च्या सप्टेंबरात असाच पाऊस कोसळला, नदीला पूर आला आणि दरीतला रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला. हिवाळ्यातही रस्ता साफ करून चालू ठेवतात, पण पहिल्या खेपेला हिवाळ्यात जाऊ नका.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. अस्वलं आलेली असतात, डास कमी झालेले असतात, आणि उन्हाळ्यातली बोट शक्यतो अजून चालू असते. तिचं त्या वर्षीचं वेळापत्रक मात्र आधी बघा.

दुसरी पायरी: वाट निवडा

विमान, बोट, रस्ता अशा तीन वाटा आहेत.

विमान व्हँकुव्हरहून निघतं आणि साधारण सव्वा तासात दरीतल्या हेगन्सबर्गच्या धावपट्टीवर उतरतं. विमान छोटं असतं आणि विमानतळाच्या मुख्य इमारतीतून सुटत नाही. साउथ टर्मिनल ही वेगळी इमारत आहे, तिथे जायला वेळ हाताशी ठेवा. डोंगरांमधून उतरायचं असल्यामुळे ढग खाली आले की विमान रद्द होतं. त्यामुळे परतीच्या दिवशीच भारताचं विमान पकडायचं, असलं गणित मांडू नका. मध्ये निदान दोन दिवस मोकळे सोडा. आणि अस्वलासाठीचा तिखट स्प्रे विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. तो दरीत पोहोचल्यावर घ्यायचा.

बोटीसाठी आधी व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाला, पोर्ट हार्डीला जावं लागतं. उन्हाळ्यात तिथून 'नॉर्दर्न सी वुल्फ' नावाची फेरी थेट बेला कूलाला जाते आणि साधारण दहा तास घेते. तिच्यावर जेमतेम ३५ गाड्या मावतात. म्हणून गाडी न्यायची असेल तर बुकिंग सुरू होताच जागा धरून ठेवा. झोपायच्या खोल्या नाहीत. खिडकीपाशी बसा, गरम कपडे वरच ठेवा. बर्क चॅनल नावाच्या चिंचोळ्या खाडीत बोट शिरली की दोन्ही काठांचे डोंगर जवळ येत जातात आणि वारा एकदम थंड होतो.

तिसरी वाट रस्त्याची. व्हँकुव्हर ते बेला कूला मिळून हजारएक किलोमीटर. निम्म्यावर विल्यम्स लेक हे गाव लागतं आणि तिथून २० क्रमांकाचा महामार्ग पश्चिमेला वळतो. तो साडेचारशे किलोमीटर चालून समुद्रापाशी संपतो. जमत असेल तर जाताना रस्ता आणि येताना बोट, किंवा उलट, असा फेरा करा. एकच वाट दोनदा तुडवण्यापेक्षा त्यात मुलूख कळतो. कोरडं पठार, मग एकाएकी खाली ओलीगच्च दरी, मग खारं पाणी.

तिसरी पायरी: विल्यम्स लेकला अर्धा दिवस द्या

रस्त्याने जाणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. आम्ही पहिल्या खेपेला टाळली होती.

भाड्याची गाडी घेताना करारातली खडीच्या रस्त्याबद्दलची ओळ वाचा. काही ठिकाणी खडीवर गाडी न्यायला मनाईच असते, किंवा विमा लागू होत नाही. या मार्गावर अनाहिम लेकच्या पुढे साधारण ६० किलोमीटर खडीच आहे. मग डिकी उघडून स्टेपनी बघा. आमच्या गाडीत पूर्ण टायरऐवजी तात्पुरतं बारकं चाक होतं, हे आम्हाला पंक्चर झाल्यावर कळलं. टाटला लेकच्या अलीकडे, आजूबाजूला गवत आणि दूरवर गुरं. मोबाइलला रेंज शून्य. वीसेक मिनिटांनी समोरून एक पिकअप आली, त्यातले आजोबा काही न विचारता उतरले, जॅक नीट बसला आहे का ते वाकून बघितलं आणि चाक बदलून होईपर्यंत उभे राहिले. पैसे घेतले नाहीत. "पुढच्या कुणाचं पंक्चर दिसलं तर थांबा," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्या रस्त्यावर कुणी थांबलेलं दिसलं की आम्ही काच खाली करून विचारतो. तिथला रिवाजच तो आहे, तुम्हीही पाळा.

तर विल्यम्स लेकला टाकी काठोकाठ भरा. पुढे अलेक्सिस क्रीक, टाटला लेक, निंपो लेक, अनाहिम लेक अशा वस्त्यांवर इंधन मिळतं, पण पंप रात्री उशिरापर्यंत चालू असतील हे गृहीत धरू नका. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम ठेवा. रस्त्याचा बराच भाग रेंजबाहेर आहे, म्हणून नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. 'ड्राइव्ह बीसी' या सरकारी संकेतस्थळावर रस्त्याची आणि प्रांताच्या वणवा विभागाच्या पानावर आगींची ताजी स्थिती बघून मगच निघा. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात हिवाळी टायर बंधनकारक आहेत.

वाणसामानही इथेच भरा. शाकाहारी मंडळींनी तर नक्कीच. डाळ, तांदूळ, पोहे, कांदे-बटाटे, मसाल्याचा डबा. दरीत किराणा मिळतो, गावात फार जुनं सहकारी दुकानही आहे, पण माल यायचा दिवस आणि तुमचा दिवस जुळेलच असं नाही. ताजं दूध, फळं, अंडी तिथे घ्या म्हणजे गावाला धंदा मिळतो. पोतंभर सामान तिथून उचलून फळ्या रिकाम्या करू नका.

पठारावर घाई नको. कुंपण नसलेली गुरं, रानघोडे, संध्याकाळी मूस नावाचं थोराड हरीण असं काहीही रस्त्यात उभं असू शकतं. हा त्सिल्कोतिन लोकांचा मुलूख. याच लोकांच्या खटल्यात २०१४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा एखाद्या ठरावीक भूभागावर आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला. फाटकं उघडून आत शिरणं, तळ्याकाठी दिसेल तिथे तंबू ठोकणं हे इथे चालायचं नाही.

चौथी पायरी: घाट

तिथले लोक याला नुसतं 'द हिल' म्हणतात. आपल्या भाषेत तो घाटच. हेकमन खिंड दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथून रस्ता दरीच्या तळाला उतरतो. खडीचा, वळणावळणाचा, काही ठिकाणी १८ टक्के उताराचा. बऱ्याच जागी कठडा नाही, आणि अरुंद ठिकाणी दोन गाड्या एकमेकींना जेमतेम बाजू देतात.

या घाटाची गोष्ट माहीत असेल तर उतरताना वेगळं वाटतं. सरकारी अभियंत्यांच्या मते इथून रस्ता काढणं परवडणारं नव्हतं. पूर्वेकडचा रस्ता अनाहिम लेकपाशी थांबला होता आणि दरीतल्या लोकांना बाहेर जायला एक तर बोट नाही तर घोडा. शेवटी त्यांनी स्वतःच काम काढलं. १९५२ मध्ये वरून एक आणि खालून एक असे दोन बुलडोझर निघाले. वरचा आल्फ ब्रेसवेल यांचा, खालचा जॉर्ज डालशॉग यांचा. २६ सप्टेंबर १९५३ रोजी दोन्हींची पाती एकमेकांना टेकली. लोक त्याला 'फ्रीडम रोड' म्हणतात. त्या दरीत हा शब्द अगदी शब्दशः खरा आहे.

आता उतरायचं कसं. दिवसाउजेडी उतरा, दुपारी तीनच्या आत खिंडीत पोहोचाल असं बघा. वर थांबून ब्रेक तपासा. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाका, ऑटोमॅटिक असेल तर 'लो'वर, आणि इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्या. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. थोडा दाबा, सोडा. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि ब्रेक गार होईपर्यंत निघू नका. पाणी ओतू नका, तापलेल्या लोखंडाला तडा जातो. वळणापाशी हॉर्न द्या, समोरून गाडी येताना दिसली की रुंद जागी आधीच थांबा. मागे एखादा स्थानिक ट्रक लागला तर त्याला पुढे जाऊ द्या, त्याला हे प्रत्येक वळण पाठ असतं. मोठा कॅरव्हॅन ओढत असाल तर तो पठारावरच एखाद्या रिसॉर्टमध्ये विचारून ठेवावा असं मी सुचवेन.

गाडीत कुणाला उंचीची भीती असेल तर त्याला डोंगराच्या बाजूला बसवा. माझ्या सासूबाई अख्खा घाट डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. खाली पोहोचल्यावर त्यांनी डोळे उघडले, हिरवीगार सावली आणि शेजारून वाहणारी अटनार्को नदी बघितली, आणि मग तिथून हलायलाच तयार होईनात.

पाचवी पायरी: दरीत उतरल्यावर

पायथ्यापासून समुद्रापर्यंत अजून तासाभराचा रस्ता आहे. स्टुई, फर्व्हेल, मग हेगन्सबर्ग, मग इथल्या मूळ रहिवासी नुहाल्क लोकांची वस्ती आणि शेवटी बेला कूला. हॉटेलं, घरगुती खोल्या, तंबूच्या जागा या पट्ट्यात विखुरलेल्या आहेत आणि हंगामात भरतात. राहायची जागा पक्की न करता घाट उतरू नका.

हेगन्सबर्ग हे नॉर्वेजियन लोकांनी वसवलेलं गाव. १८९४ मध्ये ख्रिश्चन सॉगस्टॅड नावाच्या पाद्र्याबरोबर ही मंडळी अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आली. कडे आणि खाडी बघून त्यांना मायदेश आठवला असणार. चौकोनी ओंडक्यांची त्यांची काही जुनी घरं अजून उभी आहेत. कोपऱ्यात ओंडके एकमेकांत कसे अडकवले आहेत ते जवळ जाऊन बघा.

गोष्ट एकच लक्षात ठेवा, ती म्हणजे वेळ. दुकान लवकर बंद होतं, जेवणाच्या जागा मोजक्या आणि काही फक्त हंगामात उघड्या. थोडी रोकड जवळ ठेवा. नेहमीची औषधं पुरून उरतील इतकी न्या. दवाखाना आहे, पण मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला विमानाने बाहेर हलवावं लागतं. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा प्रवासविमा घेताना अशी हवाई वाहतूक त्यात धरली आहे का ते विचारून घ्या.

सहावी पायरी: हे कुणाचं घर आहे ते जाणून घ्या

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक प्रवासी नेमकं हेच गाळतात.

दरी नुहाल्क लोकांची आहे. 'बेला कूला' हे नाव ऐकून सुंदर काहीतरी असा युरोपीय अर्थ लावला जातो, पण ते शेजारच्या हाइल्टसुक लोकांनी दिलेल्या नावावरून आलेलं आहे. नुहाल्क भाषेत एकही स्वर नसलेले लांबलचक शब्द आहेत, जगभरचे भाषाशास्त्रज्ञ त्यावर चर्चा करतात. अस्खलित बोलणारे आता फार थोडे उरले आहेत. १९८७ मध्ये समाजाने स्वतःची शाळा उघडली, 'अख्सालख्ता', म्हणजे शिकायची जागा, आणि तिथे मुलांना ही भाषा शिकवतात. २०१४ पासून नुहाल्क रेडिओही चालू आहे. दरीत शिरलात की गाडीतला रेडिओ तिकडे लावा. 'याव' म्हणजे नमस्कार. 'स्तुत्विनीत्स्ख्व' म्हणजे आभार. हा दुसरा शब्द मला पहिल्या पाच-सहा वेळा नीट जमला नाही, पण दुकानातल्या बाईंनी प्रत्येक वेळी हसून दुरुस्त केला.

१७९३ च्या जुलैमध्ये अलेक्झांडर मॅकेन्झी खंड ओलांडून या दरीत उतरला. मेक्सिकोच्या उत्तरेला या किनाऱ्यापर्यंत जमिनीवरून आलेला हा पहिला युरोपीय. तो आला ती वाट त्याने शोधलेली नव्हती. ऊलिकन नावाच्या तेलकट माशाची चरबी पेट्यांत भरून नुहाल्क लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने पठारावरच्या लोकांशी व्यापार करत, तीच ही वाट. नुहाल्क लोकांनी त्याला सॅमन खाऊ घातला आणि होड्यांतून पुढे पोहोचवलं. त्या गावाला त्याने 'मैत्रीचं गाव' म्हटलं. डीन चॅनलच्या काठी खडकावर त्याने आपलं नाव आणि २२ जुलै १७९३ ही तारीख लिहिली, ती जागा बघायला बोट लागते. पुढे सत्तर वर्षांच्या आत, १८६२ मध्ये, देवीची साथ आली आणि गावंच्या गावं ओस पडली. ऊलिकनला नुहाल्क भाषेत 'स्पुत्ख' म्हणतात. हा मासा १९९९ च्या सुमारास नदीत येईनासा झाला. वसंतात त्याची वाट बघणारे लोक आजही आहेत.

दक्षिणेच्या खाडीकाठच्या एका नुहाल्क गावातून १९१३ मध्ये नेलेला एक कोरीव स्तंभ व्हिक्टोरियाच्या रॉयल बीसी म्युझियममध्ये होता. तो मूळ कुटुंबाच्या वारसांनी पाठपुरावा करून २०२३ च्या फेब्रुवारीत घरी आणला. एकशेदहा वर्षांनी. असे स्तंभ बघताना कुणाच्या तरी घराण्याची वंशावळ बघतो आहोत हे ध्यानात असू द्या.

वागायचं कसं, तर साध्या गोष्टी आहेत. थोर्सन क्रीकच्या काठी जंगलात खडकांवर जुनी कोरीव चित्रं आहेत. तिथे नुहाल्क वाटाड्याबरोबरच जा, एकट्याने पत्ता शोधत फिरू नका. वाटाड्या काही दगडांपाशी गातो, काहींपाशी गप्प उभा राहतो. तो थांबेल तिथे थांबा. चित्रांवर खडू फिरवायचा नाही, शेवाळ खरवडायचं नाही. स्मशानभूमीचे फोटो काढू नका. धुरीघरात सॅमन टांगलेले दिसले तर आधी विचारा, मग कॅमेरा काढा. माणसं नदीकाठी जाळं ओढत असतील तर ते त्यांचं वर्षभराचं अन्न आहे, मध्ये जाऊन उभे राहू नका.

जुन्या सीडर वृक्षांच्या जंगलात चालताना एखाद्या खोडावर तुम्हाला लांब, वर निमुळता होत गेलेला व्रण दिसेल. खाली दोन हात रुंद, वर जाता जाता बोटाएवढा. तिथली साल कुणीतरी खालून कापून, मागे मागे चालत, वर ओढून काढलेली असते. आतली साल सुकवून तिच्या टोपल्या, दोर, टोप्या विणतात. साल एकाच बाजूने आणि बेताची काढतात, म्हणून झाड जगतं. मी पाहिलेल्या व्रणाच्या दोन्ही कडांना नवं लाकूड जाड ओठासारखं वळून आलं होतं, आणि झाड मान वर करूनही शेंडा दिसू नये इतकं उंच वाढलेलं होतं. त्यावर हात ठेवावासा वाटतो. ठेवा. साल मात्र सोलून बघू नका.

सातवी पायरी: अस्वलं

ग्रिझली बघायला सगळ्यात बरी जागा म्हणजे घाटाच्या पायथ्याशी ट्वीड्सम्यूर उद्यानातला बेलार्कोचा निरीक्षण-मंच. हंगामात तिथे उद्यानाचे कर्मचारी असतात. ते सांगतील तसं बसा आणि हळू बोला. मार्गदर्शकाबरोबर तराफ्यातून नदीने खाली येण्याची सोयही आहे. पहाटे धुकं पाण्यावर असताना अस्वल अर्धं पाण्यात उभं राहतं, मान खाली घालून एकटक बघतं आणि मग पंजा मारण्याऐवजी सरळ तोंडच बुडवतं. मासा फडफडताना त्याच्या दातांत हाडं मोडल्याचा आवाज आम्हाला काठापर्यंत ऐकू आला.

इतरत्र अस्वलापासून निदान १०० मीटर अंतर ठेवा. रस्त्याकडेला दिसलं तर गाडीतून उतरू नका. पायी जाताना चार-पाच जण मिळून जा, बोलत जा, नदीचा आवाज मोठा असेल तिथे टाळ्या वाजवा. स्प्रे पाठीवरच्या पिशवीत ठेवून उपयोग नाही, तो कमरेला हवा आणि त्याची खिट्टी काढायचा सराव आधी केलेला हवा. अस्वल समोर आलं तर पळू नका. शांत आवाजात बोलत मागे सरका. ते धावून आलंच तर आठ-दहा मीटरवर आल्यावर, जरा खालच्या बाजूला रोखून स्प्रे मारा. ही भीती दाखवायची म्हणून सांगत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात याच दरीत शाळेच्या मुलांच्या एका गटावर ग्रिझलीने हल्ला केला आणि ११ जण जखमी झाले. शिक्षकांनी त्या अस्वलाला परतवून लावलं. जन्मापासून अस्वलांच्या शेजारी राहणाऱ्यांवर ही वेळ येते, तर आपण किती जपायला हवं.

आता खास आपल्या लोकांसाठी. फोडणी. तंबूत राहणार असाल तर हिंग-मोहरीच्या फोडणीचा, तळणीचा, माशाच्या कालवणाचा वास लांबवर जातो आणि कपड्यांत बसतो. तंबूपासून निदान शंभर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला स्वयंपाक करा. जेवल्यावर भांडी लगेच घासा, खरकटं पाणी तंबूपाशी ओतू नका, स्वयंपाकाचे कपडे अंगावर ठेवून झोपू नका. डबे, तेल, टूथपेस्ट, अगदी साबणही गाडीत किंवा तळावरच्या लोखंडी पेटीत बंद. देवाला दाखवलेला नैवेद्य बाहेर ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते.

काय बघायचं

चार दिवस असतील तर एक दिवस बेलार्कोला, एक थोर्सन क्रीक आणि गावातलं छोटं संग्रहालय, एक सीडरचं जंगल आणि क्लेटन धबधबा, एक खाडीत बोटीने. पाय भक्कम असतील तर हनलेन धबधबा आहे. साधारण २६० मीटरची सरळ उडी. तिथे पायी जायचं तर मुक्कामाच्या तयारीने जावं लागतं आणि वाटेची स्थिती उद्यानाकडून आधी विचारावी लागते. उद्यानात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. मासेमारीला परवाना लागतो. गोड्या पाण्याचा प्रांताकडून, खाऱ्याचा केंद्र सरकारकडून, आणि कुठल्या नदीत काय धरता येतं ते दरवर्षी बदलतं.

पाऊस एक दिवस घेईलच. त्या दिवशी काही करायचं नाही. खिडकीतून समोरच्या कड्यावर नवे धबधबे फुटताना बघत बसायचं.

परत निघताना

टाकी दरीतच भरा. आदल्या रात्री रस्त्याची आणि बोटीची स्थिती बघा. तुमचा कचरा तुमच्याबरोबर वर न्या, निदान बाटल्या आणि प्लास्टिक तरी. दरीतून बाहेर जाणारा प्रत्येक किलो त्याच घाटाने चढतो.

घाट चढताना गाडी तापते. एसी बंद करा, खालचा गिअर ठेवा आणि काटा वर सरकू लागला तर रुंद जागी थांबा. आम्ही दुसऱ्या खेपेला असेच थांबलो होतो. खाली नदीची रेघ दिसत होती, मागे कुठेतरी ट्रक गुरगुरत वर येत होता. तो येईपर्यंत थांबलो, हात करून त्याला पुढे जाऊ दिलं. त्याच्यात बेला कूलाच्या दुकानातले रिकामे क्रेट रचलेले होते.